दप्तर उघडताना: वाचकांचे प्रश्न

घरातले जुने कागद, घरातल्या माणसांच्या आठवणी आणि छापलेला इतिहास या तिन्हींबद्दल वाचकांची पत्रे येत असतात. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून सात प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न: माळ्यावरच्या ट्रंकेत मोडी कागदांचा रुमाल (कापडात बांधलेला गठ्ठा) निघाला. जाणकाराकडून दोन कागद वाचून घेतले. एकावर 'शके १७८९ प्रभवनाम संवत्सरे माघ शुद्ध ५' अशी मिती आहे, दुसऱ्यावर नुसतेच 'सन इहिदे सितैन मया व अलफ'. पहिल्यात ७८ मिळवून आम्ही १८६७ काढले. बरोबर आहे का? आणि दुसऱ्याचे काय करायचे? (एक वाचक, वाई)

उत्तर: १८६७ नव्हे, १८६८. शक गुढीपाडव्याला बदलतो आणि इसवी सन १ जानेवारीला. म्हणून चैत्र ते कार्तिक ७८ मिळवायचे आणि माघ-फाल्गुनाला ७९. मधले मार्गशीर्ष आणि पौष हे घोटाळ्याचे महिने. त्यांतली तिथी कधी डिसेंबरात बसते, कधी जानेवारीत उतरते. त्यांच्यासाठी जंत्री (तिथी आणि तारखा जुळवून दिलेले कोष्टक) उघडून पाहिल्याशिवाय सन लिहू नका. पानिपतची लढाई शके १६८२ च्या पौष शुद्ध अष्टमीला झाली. तिथे ७९ मिळवले तरच १४ जानेवारी १७६१ जुळते.

संवत्सराचे नाव हा तुम्हाला फुकट मिळालेला पडताळा आहे, तो सोडू नका. शकात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक (बाकी शून्य आली तर साठावा, क्षय). १७८९ अधिक १२ म्हणजे १८०१, बाकी १, पहिला संवत्सर प्रभव. जुळले. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाचा शक १५९६ घ्या: १६०८, बाकी ४८, आनंद संवत्सर. तेही जुळते. समजा वाचणाऱ्याने तुमचा आकडा १७०९ असा लावला असता, तर बाकी ४१ म्हणजे प्लवंग आला असता आणि चूक लगेच उघडी पडली असती. मात्र आकडा १७२९ वाचला गेला तर हा पडताळा गप्प बसतो. साठ वर्षांनी तेच नाव परत येत असल्याने शके १७२९ सुद्धा प्रभवच. अशा वेळी कागदातली माणसे, नाणी आणि कागदाची जात पाहावी लागते.

दुसऱ्या कागदावर आहे तो सुहूर सन, दप्तरांतला 'अरबी सन'. आकडे अरबी शब्दांत आणि एकक आधी, असा त्याचा क्रम असतो. इहिदे १, इसन्ने २, सलास ३, अर्बा ४, खमस ५, सीत ६, सबा ७, समान ८, तिसा ९, अशर १०. पुढे अशरीन २०, सलासीन ३०, अर्बैन ४०, खमसैन ५०, सितैन ६०, सबैन ७०, समानीन ८०, तिसैन ९०. मया १००, मयातैन २००, अलफ १०००. तुमचा सन झाला ११६१. हे वर्ष मृगाला सुरू होते. मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ मिळवा, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे कागद १७६० चा मृग ते १७६१ चा मृग या वर्षातला आहे, पानिपतच्याच वर्षातला. 'मया व अलफ' पुष्कळदा गाळलेले असते, तेवढे आपणच धरून घ्यायचे.

शब्द अरबी आहेत म्हणून हा सन हिजरी समजणे ही नेहमीची चूक. हिजरी ११६१ म्हणजे इसवी १७४८. सरळ बारा-तेरा वर्षांचा फरक पडतो. गोंधळ वाढायला आणखी एक कारण आहे. सन सुहूर असला तरी दिवस आणि महिना मुसलमानी चांद्र गणनेने लिहीत. तारखेआधी 'छ' आणि पुढे रबिलाखर, जमादिलावल, जिल्काद असे काही दिसले, तर तो 'छ' म्हणजे 'चंद्र'. आणि सरकारी कागदांवर आज छापतात तो भारतीय सौर शक वेगळा आहे. तो १९५७ मध्ये लागू झाला, त्याचा चैत्र २२ मार्चला (लीप वर्षी २१ ला) सुरू होतो. जुन्या मितींशी त्याची सांगड घालू नका.

प्रश्न: आजोबांच्या मोडी पत्रांचे देवनागरीत लिप्यंतर करतो आहे. ऱ्हस्व-दीर्घ सगळे चुकीचे आहे आणि विरामचिन्हे नाहीत. नातवंडांना वाचता यावे म्हणून शुद्ध करून लिहू का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर: ते चुकीचे नाही. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी-उकाराचा भेद पाळतच नाहीत. आधी पानभर रेघ ओढायची आणि मग हात न उचलता त्या रेघेखाली अक्षरे लोंबकळत न्यायची, अशी ती लिपी आहे. शब्दांत जागा नाही, पूर्णविराम नाही. तेव्हा 'दिन' की 'दीन' हे लिपी सांगत नाही, वाक्य सांगते. आणि ते ठरवणारे तुम्ही असता. म्हणूनच दोन प्रती करा. पहिलीत मूळ ओळीला ओळ, ओळींना क्रमांक, अक्षर जसे दिसते तसे. दुसरीत शब्द तोडून, आजच्या लेखनाने, नातवंडांसाठी. पहिली प्रत नसेल तर दुसरीतली चूक पुढे कुणालाच सापडणार नाही.

संक्षेप उलगडताना भर घातलेली अक्षरे चौकटी कंसात ठेवा. 'राा' चे 'रा[जश्री]' करायला हरकत नाही. पण 'ताा' हे तर्फ असेल, तालुका असेल. पुढचे गाव ओळखल्याशिवाय उलगडू नका, तसेच राहू द्या. न लागलेल्या अक्षरांच्या जागी तितकी टिंबे द्या, शंकेचा शब्द असेल तर पुढे प्रश्नचिन्ह. 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' किंवा 'बहुत काय लिहिणे' असल्या ठरीव मजकुरापासून सुरुवात करा. तो पत्रागणिक तोच असतो, त्यामुळे या लेखकाचा 'स' कसा, 'ष्ट' कसा, हे नेमके कळते. त्या अक्षरांचा एक तक्ता करून समोर ठेवलात की मधला मजकूर निम्म्याने सोपा होतो.

प्रश्न: आईच्या पेटीत शंभरेक पोस्टकार्डे आणि पत्रे आहेत. बऱ्याचशांवर तारीखच नाही किंवा नुसते 'मंगळवार' लिहिले आहे. कालक्रम कसा लावायचा? (एक वाचिका, रत्नागिरी)

उत्तर: आधी पोस्टाचे शिक्के. पुसट शिक्का सरळ उजेडात दिसत नाही. कार्ड टेबलावर आडवे ठेवून बॅटरीचा झोत अगदी कडेने, कागदाला जवळजवळ समांतर टाका. शाई गेली असली तरी ठशाचा दाब उठून दिसतो.

मग छापील मजकूर. भारतात पोस्टकार्ड १ जुलै १८७९ ला आले, किंमत पाव आणा. त्यावरचे राजा-राणीचे चित्र राजवट सांगते: व्हिक्टोरिया १९०१ पर्यंत, नंतर सातवा एडवर्ड १९१० पर्यंत, मग पाचवा जॉर्ज, १९३६ च्या अखेरीपासून सहावा जॉर्ज. जुना साठा संपेपर्यंत वापरत असत, हे मात्र ध्यानात ठेवा. किंमत आण्यांत असेल तर कार्ड १९५७ च्या आधी छापलेले. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली आणि १ जून १९६४ ला 'नये' हा शब्द गळला, म्हणून 'नये पैसे' दिसले की सात वर्षांची खिडकी हाती लागते. पत्त्यात पिनकोड असेल तर पत्र १५ ऑगस्ट १९७२ नंतरचे. 'जि. सिंधुदुर्ग' असेल तर १ मे १९८१ नंतरचे, 'जि. रायगड' असेल तर त्याच वर्षापासून पुढचे.

इथे एकच नियम जपायचा. नवी गोष्ट दिसली तर पत्र 'त्यानंतरचे' हे नक्की. जुनी गोष्ट दिसली म्हणून पत्र 'त्याआधीचे' हे नक्की नाही. 'जि. कुलाबा' लिहिणारी माणसे १९८१ नंतरही कितीतरी वर्षे तेच लिहीत राहिली. पिनकोड नाही म्हणून पत्र १९७२ च्या आधीचे, असे तर मुळीच म्हणता येत नाही. शुद्धलेखनाचेही तेच. मराठी लेखनाचे नवे नियम १९६२ मध्ये आले आणि 'कांहीं', 'नांव', 'झालें' यांवरचे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. त्यामुळे सगळे पत्र अनुस्वाराविना असेल तर ते बहुधा त्यानंतर शाळा शिकलेल्याचे. पण 'आम्हीं सर्व खुशाल आहों' असे १९७८ मध्येही लिहिणारे आजोबा घरोघर होते. अनुस्वारावरून पत्राचे वय काढण्यापेक्षा लिहिणाऱ्याचे वय निघते.

शेवटी आतला मजकूर: बारसे, लग्न, परीक्षा, बदली. या घटनांची एक यादी करा आणि ज्यांची तारीख दाखल्यांवरून ठाम कळते त्या ठळक लिहा. पत्रे त्यांच्या मध्ये मध्ये बसवत जा. पत्रावर काही लिहायचेच झाले तर मऊ पेन्सिलीने, मागच्या कोपऱ्यात, आणि अंदाजाची तारीख चौकटी कंसात. आणि पेटीत जो क्रम आहे तो मोडण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा. एका दोऱ्यात बांधलेली पत्रे बहुतेकदा एकाच वर्षातली किंवा एकाच माणसाची असतात. ही खूण फार मोलाची आहे, आणि पेटी उपडी केली की पाच मिनिटांत जाते.

प्रश्न: जुने दस्त लॅमिनेट करून घ्यावेत का? कसर लागली आहे. (एक वाचक, नाशिक)

उत्तर: नाही. लॅमिनेशन उष्णतेने चिकटते आणि पुन्हा निघत नाही, कागद आत पिवळा पडत राहतो. चिकटपट्टीही नको, तिचा डिंक काही वर्षांत तपकिरी होऊन अक्षरांत उतरतो. पारदर्शक पॉलिएस्टरच्या खुल्या पाकिटात कागद सैल ठेवा. बोरूने काजळीच्या शाईत लिहिलेला कागद असेल तर ओला बोळा चुकूनही फिरवू नका. ती शाई उजेडाने उडत नाही, पण डिंकावर बसलेली असते; पाणी लागले की पसरते.

कसरीसाठी कागद दोन प्लॅस्टिक पिशव्यांत हवा काढून घट्ट बंद करा आणि उणे १८ अंश किंवा त्याहून थंड फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही. घाई केलीत तर बाष्प कागदावरच जमते आणि कसर गेली तरी बुरशी येते. फोटो आणि काचेच्या निगेटिव्ह यांना हा उपाय लागू नाही. नंतर सुती कापडात बांधून वेखंडाची पुरचुंडी शेजारी ठेवा, कागदाला टेकू न देता. कपाट भिंतीपासून चार बोटे लांब असू द्या. रुमाल पावसाळ्यात सोडू नयेत, ऑक्टोबरात सोडावेत. वारा द्यायचा तो सावलीत, उन्हात नाही.

प्रश्न: आजी ८६ वर्षांची आहे. पानशेतच्या पुराची हकीकत ती दर वेळी थोडी वेगळी सांगते. एकदा म्हणते सकाळी पळालो, एकदा म्हणते रात्री कंदील घेऊन पळालो. रेकॉर्ड करायचे आहे, पण खरे कोणते धरायचे? तिला दुरुस्त करू का? (एक वाचिका, पुणे)

उत्तर: दुरुस्त करू नका. एकदा 'अगं आजी, धरण सकाळी फुटलं होतं' म्हणालात की पुढच्या खेपेला ती तुमचीच हकीकत तुम्हाला सांगेल. १२ जुलै १९६१ ला पानशेत सकाळी फुटले आणि पाणी शहरात दिवसाउजेडी शिरले, हे नोंदलेले आहे. म्हणून कंदील खोटा ठरत नाही. पुरानंतरच्या रात्री विजेविना गेल्या. आजीच्या मनात पळण्याचा दिवस आणि नंतरची रात्र एकमेकांत मिसळली असण्याचा संभव मोठा आहे. म्हणजे कंदिलाची आठवण कदाचित खरी आणि तिची जागा चुकलेली. तेव्हा तिला विचारायचे ते कंदिलाबद्दल: कुणाच्या हातात होता, रॉकेल कुठून आणले, काच शाबूत होती का. वेळ आपोआप सरकून जागेवर येईल, किंवा येणार नाही.

लख्ख आठवते म्हणजे तसेच घडले, असे नसते. १९८६ मध्ये चॅलेंजर हे अवकाशयान उड्डाणानंतर फुटले, तेव्हा अमेरिकेतल्या एका विद्यापीठात दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्यांकडून 'ही बातमी तुम्हाला कुठे, कशी कळली' हे लिहून घेतले होते. अडीच-तीन वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना पुन्हा तेच विचारले. ११ जणांच्या उत्तरात जागा, वेळ, सांगणारा माणूस यांतले काहीच जुळले नाही, तरी पुष्कळांना स्वतःच्या आठवणीची पुरती खात्री होती. स्वतःच्या हस्ताक्षरातला कागद समोर ठेवल्यावरही काही जण नव्या आठवणीलाच धरून राहिले. आजीच्या बाबतीत मध्ये साठाहून अधिक वर्षे आहेत.

आता रेकॉर्डिंग. एक बैठक तास-सव्वा तासाची, त्यापुढे आवाज आणि आठवण दोन्ही थकतात. पंखा बंद, कुकर बंद, खिडकी रस्त्याच्या बाजूची असेल तर लावलेली. फोन टेबलावर आडवा टाकू नका, बोटांचे ठोके त्यात मोठे येतात. घडी केलेल्या टॉवेलवर, तोंडापासून हात-दीड हातावर ठेवा. फोन विमान मोडवर. सेटिंगमध्ये डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबता साठवणारा फाईलप्रकार) असेल तर तेच निवडा. सुरुवातीला तारीख, जागा, हजर माणसांची नावे आणि आजीची संमती तिच्याच आवाजात घ्या.

'तुला काय वाटलं तेव्हा?' या प्रश्नाला 'काय वाटणार, होतं ते झालं' एवढेच उत्तर येते. त्याऐवजी वाड्याचा नकाशा काढायला सांगा. चूल कुठे, नळ कुठे, जिना कुठल्या हाताला. ती बोट फिरवत जाईल आणि प्रत्येक खोलीतून एकेक माणूस बाहेर येईल. ती थांबली की मनात पाच आकडे मोजा, मध्ये बोलू नका. पुष्कळदा महत्त्वाचे वाक्य त्या शांततेनंतर येते. वर्ष विचारू नका, खुणेची घटना विचारा: गांधीहत्येच्या आधी की नंतर, कोयनेच्या भूकंपाच्या (डिसेंबर १९६७) वेळी कोण किती मोठे होते, बाहात्तरच्या दुष्काळात घरात मिलो (रेशनची तांबडी ज्वारी) येत होता का. प्रत्येक वेळची हकीकत वेगळी जपा, प्रत्येकीवर तारीख घाला. सगळ्यांची मिळून एक गुळगुळीत हकीकत करण्याचा मोह होईल. तो लेखकाचा उद्योग आहे, नोंद ठेवणाऱ्याचा नाही.

प्रश्न: ऐतिहासिक कादंबऱ्यांतले संवाद आणि प्रसंग कितपत खरे मानावेत? बखरीत असेल तर खरे असे समजावे का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: संवाद खरे मानू नयेत, दोघांच्या खाजगीतल्या बोलण्याचा टिपणकार सहसा नसतो. कादंबरीकाराने ते रचावेतच, त्याचे ते कामच आहे. वाचकाने तपासायच्या त्या आजूबाजूच्या गोष्टी: ती व्यक्ती त्या दिवशी हयात होती का, त्या गावात होती का, घोड्यावरून त्या वेळात पोचता आले असते का.

बखर ही मात्र वरच्या आजीच्या जवळची. कृष्णाजी अनंत सभासदाने आपली बखर राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीत लिहिली, १६९४ च्या पुढेमागे. शिवाजी महाराजांच्या निधनाला तेव्हा चौदा-पंधरा वर्षे आणि अफझलखान प्रसंगाला पस्तीस वर्षे लोटली होती. सभासद महाराजांच्या पदरी होता, म्हणून त्याचे वजन मोठे. पण त्याला शेवट माहीत होता. लढाईच्या आदल्या दिवशी पत्र लिहिणाऱ्याला तो माहीत नसतो. पत्रातही खोटे असते, फुशारकी असते, हिशेब झाकलेले असतात, पण पुढे काय झाले ते ठाऊक असल्यामुळे मागचे आपोआप नीट लावून घेणे, हा दोष पत्रात येत नाही. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापताना बखरींपेक्षा अस्सल पत्रांवर भर दिला, त्यामागे हेच आहे. छापील पत्र वाचताना शेवटी 'पैवस्ती' म्हणजे पत्र पोचल्याची मिती दिली आहे का ते आवर्जून पाहा. लिहिल्याची मिती आणि पैवस्ती यांच्यामध्ये जितके दिवस, तितके दिवस पत्र ज्याच्या नावे होते त्या सरदाराला त्यातले काहीच ठाऊक नव्हते. त्या दिवसांतले त्याचे निर्णय 'चुकले' म्हणणारे पुष्कळ लेख ही एक मिती न पाहता लिहिलेले असतात.

प्रश्न: वडिलांनी १९९८ मध्ये घराण्याचा इतिहास संगणकावर टाइप केला होता. फाईल उघडते, पण अगम्य इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे दिसतात. मजकूर गेला का? (एक वाचिका, नागपूर)

उत्तर: गेला नाही. त्या काळचे मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी तुकडे बसवत: एका जागी काना, एका जागी अर्धा 'श'. तो फॉन्ट नसला की खालची इंग्रजी अक्षरे दिसतात. फाईल पुन्हा 'सेव्ह' करू नका, आधी तिची प्रत करा. मग वर्डमध्ये मजकूर निवडून फॉन्टच्या चौकटीत कोणते नाव येते ते पाहा. फॉन्ट संगणकात नसला तरी नाव बहुधा टिकलेले असते. श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव यांची सांकेतिक मांडणी वेगवेगळी आहे, म्हणून त्याच नावाचा युनिकोड परिवर्तक (जुना मजकूर आजच्या सर्वमान्य अक्षरसंकेतांत बदलणारे साधन) लागतो. दुसरा वापरलात तर अर्धवट बरोबर मजकूर येतो, आणि तो पूर्ण चुकलेल्यापेक्षा घातक, कारण नजरेला पटतो.

परिवर्तनानंतर चुका ठरलेल्या जागी सापडतात: ऱ्हस्व वेलांटी एक अक्षर पुढेमागे, रफार शेजारच्या अक्षरावर, 'त्र', 'श्र', 'क्ष' मोडलेले, आणि आकडे. जन्मसाले एकेक करून मूळ छापील प्रतीशी ताडून पाहा. आणखी एक बारीक खोड आहे. 'सुभेदाऱ्या' मधला 'ऱ्य' युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो, 'ॲ' सुद्धा. दिसायला दोन्ही सारखे, पण एक शोधले तर दुसरे सापडेलच असे नाही. 'शोधा आणि बदला' वापरून सगळीकडे एकच तऱ्हा करून घ्या, नाहीतर सूची करताना निम्म्या नोंदी गळतील. मूळ फाईल, युनिकोड फाईल आणि पीडीएफ अशा तिन्ही जपा. प्रती तीन, त्यांतली एक दुसऱ्या गावातल्या भावंडाकडे. आणि कागदावर एक छापून ठेवा. १९९८ ची छापील प्रत असेल तर आज ती कुठल्याही परिवर्तकाविना वाचता येते, चुका तपासायलाही तीच लागेल.